मांडूचे फोटो आणि संपादनाचे सॉफ्टवेअर: हौशी छायाचित्रकाराने निवड कशी करावी?

पावसाळ्यात माळव्याची सहल करून आलेला हौशी छायाचित्रकार घरी परततो, तेव्हा त्याच्या मेमरी कार्डात सहज सात-आठशे फोटो असतात. इंदूरला उतरायचे, पश्चिमेला साठेक किलोमीटरवर धार, तेथून मांडू, सवड असेल तर पुढे बाग गावची लेणी आणि छपाईचे कारखाने, आणि परतताना इंदूरच्या दुसऱ्या अंगाला असलेले देवास, असा हा साधारण मार्ग. गोव्यातील मराठी वाचकाला यांतील धार आणि देवास ही नावे परकी नाहीत. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात शेजारी-शेजारी नांदल्या. कुमार गंधर्वांचे घर याच गावात असल्यामुळे संगीताच्या ओढीने तेथे जाणारेही पुष्कळ.

घरी आल्यावर फोटो संगणकावर उतरवले जातात आणि लगेच प्रश्न उभा राहतो: हे सुधारायचे कशात? मित्रमंडळींकडून मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणतो, सगळे व्यावसायिक लाइटरूम वापरतात, तेच घे. दुसरा म्हणतो, खर्च कशाला, फोनवरच कर. दोघांचेही काही चुकत नाही. परंतु सॉफ्टवेअरची निवड त्याच्या नावावरून न करता आपल्या फोटोंना काय हवे आहे यावरून केली, तर पुढचा बराच मनस्ताप आणि पैसा वाचतो. म्हणून आधी याच सहलीतील तीन फोटो डोळ्यांसमोर आणू.

पहिला फोटो मांडूच्या होशंगशाहच्या मकबऱ्याचा. पांढऱ्या संगमरवराची ही पंधराव्या शतकातील वास्तू ढगाळ हवेत टिपली, की फोटोत बहुतेक वेळा करडी आणि किंचित निळसर येते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. चौकटभर पांढरा दगड दिसला की त्याला तो उजेड अधिक वाटतो आणि तो फोटो काळवंडवतो. निळसर झाक येते ती ढगाळ आकाशाच्या थंड प्रकाशामुळे. उपाय दोन: एक्सपोजर थोडे वाढवणे आणि व्हाइट बॅलन्स उबदार बाजूकडे सरकवणे. पण ही दुरुस्ती कोणत्या फाइलवर केली जाते, याला फार महत्त्व आहे. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. जेपेगमध्ये सावली उजळायला गेले की डाग आणि पट्टे दिसू लागतात, तर रॉ फाइल तेवढाच ताण बिनबोभाट सोसते. तेव्हा सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा अशी, की त्याला आपल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल वाचता यावी. अगदी नवा कॅमेरा घेतला असेल, तर त्याचे नाव त्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का हे आधी पाहावे. जुनी आवृत्ती नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडत नाही, आणि हे कळते ते सहलीहून परतल्यावर.

दुसरा फोटो हिंडोला महालाचा. या इमारतीच्या बाहेरच्या भिंती मुद्दाम तिरक्या बांधल्या आहेत; पायाशी जाड आणि वर निमुळत्या होत गेलेल्या. झोक्यासारख्या भासणाऱ्या या कलामुळेच तिला हे नाव पडले, असे मानतात. आता बहुतेक सर्व संपादन प्रणालींत इमारतींच्या रेषा आपोआप सरळ करणारी सोय असते. कॅमेरा वर करून फोटो काढला की इमारती मागे कललेल्या दिसतात, तो दोष काढण्यासाठी ती असते. हिंडोला महालावर ती चालवली, तर यंत्र त्या तिरक्या भिंतींनाच दोष समजून ताठ उभे करू पाहील आणि वास्तूचे वैशिष्ट्यच पुसले जाईल. म्हणून दुसरी अपेक्षा: आपोआप होणारी प्रत्येक दुरुस्ती थांबवता आणि हाताने बदलता यावी. एका बटणात सारे करून देणारी अ‍ॅप मोहक असतात. त्यांनी नेमके काय केले हे मात्र ती सांगत नाहीत.

तिसरा फोटो बागच्या छापील कापडाचा, आणि तीनांत तोच सर्वांत अवघड. धार जिल्ह्यातील बाग गावचे कारागीर लाकडी ठशांनी छापतात. तुरटी आणि अलिझरीन यांच्या संयोगातून तांबडा रंग उतरतो आणि लोखंडाच्या गंजातून काळा. तो तांबडा डोळ्यांना खोल, किंचित विटकरी दिसतो. फोनवर मात्र तो लालभडक होतो, कापडाच्या घड्या आणि विणीचा पोत दिसेनासा होतो. कारण लाल रंगाची वाहिनी आपल्या मर्यादेला जाऊन आपटलेली असते. एकत्रित हिस्टोग्राममध्ये हे लक्षात येत नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगळे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चटकन दिसते. शिवाय कारखान्यातील ट्यूबलाइट आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकमेकांत मिसळलेला असतो. त्या जागी करड्या रंगाचे कार्ड धरून एक फोटो घेतला असेल, तर घरी त्या करड्यावर टिचकी मारून सगळ्या मालिकेचा रंग ताळ्यावर आणता येतो. कापडाचा फोटो पाहून कोणी दूरवरून मागणी नोंदवणार असेल, तर हा रंग चुकणे ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. ज्याने कापड मागवले त्याच्या हाती वेगळाच तांबडा पडतो आणि बोल लागतो कारागिराला.

मूळ प्रत आणि तिच्यावरचे काम

या तिन्ही फोटोंत एक गोष्ट समान आहे. दुरुस्ती आज एक केली, उद्या नजर तयार झाल्यावर वेगळी करावीशी वाटेल. तेव्हा मूळ फाइल अबाधित राहिली पाहिजे आणि तिच्यावर केलेले काम वेगळे नोंदले गेले पाहिजे.

ही जाण संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. धार-देवासच्या मधोमध असलेल्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या एका नकाशेकाराने १८७०च्या दशकात फोटोग्राफीचा छंद लावून घेतला. पुढे राजा दीनदयाळ म्हणून देशभर प्रसिद्ध झाले ते हेच. आरंभी तेही नोकरी सांभाळून कॅमेरा हाताळणारे हौशीच होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले ते नंतर. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हना निळा रंग अधिक जाणवे, त्यामुळे आकाश कोरे पांढरे येई. जगभरातील छायाचित्रकार मग ढगांची वेगळी काच वापरून दोन निगेटिव्हवरून एक फोटो छापत. स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहऱ्याचे डाग घालवले जात, छापलेल्या फोटोवर कुंचल्याने रंग भरले जात. फोटो ‘एडिट’ करणे ही नव्या पिढीची खोड आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांचा भिंतीवरचा रंगवलेला फोटो एकदा जवळून पाहावा. दीनदयाळांच्या स्टुडिओतील अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. मूळ काच टिकली म्हणून त्यांवरून आजही नव्या दृष्टीने प्रती काढता येतात.

निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेली प्रत यांची तुलना अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स संगीताची लिखित रचना आणि तिचे प्रत्यक्ष सादरीकरण यांच्याशी करीत. आपल्याला बंदिशीचे उदाहरण अधिक जवळचे. बंदीश तीच, पण सकाळची मैफल आणि संध्याकाळची मैफल एक नव्हे. रॉ फाइल ही बंदीश मानली, तर सॉफ्टवेअरने तिला हात न लावता गाणे नोंदवून ठेवायचे असते.

कोणते घ्यावे?

अडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये आले ते नेमक्या याच तत्त्वावर. मूळ फाइल तशीच राहते. केलेले बदल सूचनांच्या रूपात एका कॅटलॉगमध्ये साठतात. हजारो फोटो लावणे, निवडणे, त्यांना खुणा करणे आणि एकसारखी दुरुस्ती एकदम शंभर फोटोंना लागू करणे यांत त्याची सर इतरांना क्वचितच येते. शिकवणारे व्हिडिओ विपुल, हिंदीतही भरपूर. अडचण पैशांची आहे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनंतर ते एकरकमी विकत मिळत नाही, वर्गणी भरावी लागते. खरेदीआधी मासिक आकड्याला बाराने आणि मग पाचाने गुणून पाहावे. वर्षातून दोन सहली करणाऱ्याला तो गुणाकार पटेलच असे नाही. वर्गणी थांबली तर काय, हाही प्रश्न आधीच विचारलेला बरा. संगणकावरील लाइटरूम क्लासिकमध्ये वर्गणी संपल्यावरही फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात. संपादनाचा मुख्य विभाग मात्र बंद होतो. नावाचा घोळही लक्षात ठेवावा. ‘लाइटरूम क्लासिक’ फोटो आपल्या डिस्कवर ठेवते, नुसते ‘लाइटरूम’ मुख्यतः क्लाउडवर विसंबते. इंटरनेट मंद असेल आणि रॉ फाइली शेकड्यांनी असतील, तर क्लासिकच सोयीचे.

पैसे द्यायचे नसतील, तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मुक्त सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. ती कमी प्रतीची नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे; तिसऱ्या फोटोतील तांबड्या रंगाच्या बाबतीत तर डार्कटेबल फार बारकाईने काम करू देते. पण ते सौम्य शिक्षक नव्हे. शिवाय त्यात रॉ फाइल प्रथम उघडली, की ती निस्तेज, सपाट दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर फोटो छान दिसला होता! कारण कॅमेऱ्याने दाखवला तो त्याने स्वतः रंग-धार चढवलेला जेपेग होता, आणि आता समोर आहे तो कच्चा माल. हे ठाऊक नसलेले पुष्कळ जण पहिल्याच संध्याकाळी सॉफ्टवेअर बिघडलेले समजून काढून टाकतात. एक आठवडा नेटाने धरले, तर तो सपाटपणाच उपयोगाचा वाटू लागतो.

गिंपचे नाव या यादीत नेहमी घेतले जाते, पण त्याचे काम निराळे. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर फोटोशॉपच्या कुळातील आहे. एखाद्या फोटोवर थरांनी काम करणे, जुन्या फोटोवरील चरे भरणे, मजकूर टाकणे यांसाठी ते चांगले. रॉ फाइल ते स्वतः उलगडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपीची मदत घेते. म्हणून सहलीच्या आठशे फोटोंसाठी गिंप किंवा फोटोशॉपपासून सुरुवात करणे म्हणजे भात शिजवण्यापूर्वी नैवेद्याचे ताट मांडायला बसणे. अ‍ॅफिनिटी हा एक मधला मार्ग आहे. पूर्वी ते एकदाच पैसे भरून मिळे; कॅनव्हाने ते विकत घेतल्यानंतर २०२५च्या अखेरीस विनामूल्य केले. विनामूल्य असले तरी ते मुक्त नव्हे, मालकी कंपनीचीच आहे.

आणि फोन? फोनवरील स्नॅपसीड विनामूल्य आहे, डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडते आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती मागे जाऊन बदलू देते. ज्याच्याकडे वेगळा कॅमेराच नाही, त्याने संगणकाच्या फंदात न पडता येथूनच आरंभ करावा. केवळ फोनवर काम केले म्हणून कोणी कमी छायाचित्रकार ठरत नाही.

निवड करताना एक गोष्ट मात्र किमतीपेक्षाही अधिक महत्त्वाची मानावी. सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर आपले काम कुठे असेल? हा प्रश्न काल्पनिक नाही. एकेकाळी भारतातील घराघरांतील संगणकांवर गुगलचे पिकासा असे. २०१६ मध्ये गुगलने ते थांबवले. अ‍ॅपलने अ‍ॅपर्चर हे व्यावसायिक सॉफ्टवेअरही असेच गुंडाळले. मूळ फोटो राहिले, पण अल्बम, नावे आणि दुरुस्त्या अनेकांना पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. डार्कटेबल आपल्या नोंदी फोटोच्या शेजारीच एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवते. लाइटरूम क्लासिकलाही तसे करायला सांगता येते, परंतु ती सोय आपण होऊन चालू करावी लागते. या नोंदींतील दुरुस्त्या एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जशाच्या तशा जात नाहीत. शीर्षके, गुणांकन, खुणेचे शब्द मात्र बहुतांशी जातात. म्हणून मनापासून आवडलेल्या वीस-पंचवीस फोटोंची पूर्ण केलेली प्रत सोळा बिटांच्या टिफमध्ये वेगळी काढून ठेवावी. ती कोणतेही सॉफ्टवेअर उघडेल.

शिकायचे कसे?

येथे हौशी माणूस हमखास अडखळतो. पन्नास व्हिडिओ पाहून होतात आणि हाताने एकही फोटो पुरा होत नाही. त्यापेक्षा आपल्याच सहलीतील दहा फोटो निवडावेत. एक संगमरवराचा, एक कापडाचा, एक मांडूच्या जहाज महालाचे तळ्यातील प्रतिबिंब असलेला, एक देवासच्या टेकडीवरून टिपलेल्या सांजदिव्यांचा, एखादा चेहऱ्याचा. पंधरा दिवस रोज अर्धा तास फक्त याच दहांवर काम करावे आणि साधने सहाच वापरावीत: कातरणे, व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, उजळ भाग आणि सावल्या यांचे नियंत्रण, कर्व्ह, आणि शेवटी ठरावीक भागापुरती दुरुस्ती करणारा मास्क. क्रमही साधारण हाच ठेवावा. आधी रंगाची झाक घालवल्याशिवाय उजेडाचा अंदाज नीट येत नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा फोटो पाहिला, की आपण किती अति केले होते ते आपोआप दिसते. हा अनुभव कोणताही व्हिडिओ देत नाही. तयार प्रीसेट विकत घेण्याची घाई करू नये. मांडूच्या पावसाळी हिरव्यावर दुसऱ्याच कोणाच्या वाळवंटी फोटोसाठी बनवलेला प्रीसेट लावला, की गवत पिवळे पडते आणि का पडले हे कळत नाही.

ते हिरवे गवत हा वेगळाच विषय आहे, आणि आपल्याला तो घरचा. सत्तरी-सांग्याच्या पावसाळ्यात फोटो काढणाऱ्याला ठाऊक असते, की कॅमेरा हिरव्याला नको इतका पिवळट चमकदार करतो. एकूण संपृक्तता कमी केली, तर चिऱ्याची लाली किंवा जहाज महालाचा तांबूस दगडही फिका पडतो. रंगागणिक नियंत्रणात जाऊन फक्त पिवळा आणि हिरवा थोडा गडद, थोडा मंद करावा. दोन मिनिटांचे काम आहे, फोटो मात्र एकदम शहाणा दिसू लागतो.

संगणकाची बाजूही पाहायला हवी. लाइटरूमसाठी सोळा जीबी रॅम असलेली बरी, आठवर ते रखडते. डिस्क एसएसडी असेल तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये फरक जाणवतो. संपादन करताना पडद्याचा रात्रीचा पिवळा प्रकाश बंद ठेवावा, नाही तर त्या पिवळ्याची भरपाई म्हणून आपण सगळे फोटो निळे करून बसतो. पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा. तो पूर्ण वाढवून काम केले, की स्टुडिओतून छापून आलेले फोटो काळपट निघतात आणि दोष बिचाऱ्या छापणाऱ्याला जातो.

राहता राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न. जहाज महालासमोरची रविवारची गर्दी एका फटक्यात नाहीशी करणारी साधने आता जवळपास सर्वत्र आहेत. आपल्या दिवाणखान्यातील चौकटीसाठी कोणी ती वापरली, तर तक्रारीचे कारण नाही. वृत्तपत्राच्या टेबलावर येणाऱ्या फोटोंबाबत मात्र आमची अपेक्षा वेगळी असते. कातरलेला, उजळलेला, रंगाची झाक काढलेला फोटो चालतो; त्यात नसलेले ढग आणून बसवलेले किंवा असलेली माणसे पुसलेली चालत नाहीत. वाचक स्पर्धेला किंवा प्रसिद्धीला फोटो पाठवत असतील, तर त्यांनी मूळ रॉ किंवा जेपेग फाइल जपून ठेवावी, शंका आली की तीच मागितली जाते. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडायचाच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा आकार दाबला जातो आणि दिनांक-वेळेची अंतर्गत माहितीही गळून पडते.

छापून घेण्यासाठी आठ बाय बारा इंचांच्या फोटोला, इंचाला तीनशे बिंदू धरले तर, २,४०० बाय ३,६०० पिक्सेल पुरतात. आजचा साधा कॅमेराही याहून अधिक देतो. प्रत एसआरजीबी या रंगपद्धतीत काढावी. गावातील बहुतेक छपाईकेंद्रांची यंत्रे तीच धरून चालतात. बागचे कापड घरी आणले असेल, तर छापून आलेला फोटो त्याच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात, दिवसा ठेवून पाहावा. तांबडा जुळला नाही, तर पुन्हा रॉ फाइल उघडावी.